परदेशी एअरलाइनची ऑफर: सही करण्याआधी घराचा हिशेब

ऑफर हातात पडली की वैमानिकाची नजर आधी पगाराकडे जाते. तो आकडा थोडा वेळ बाजूला ठेवा आणि कॉन्ट्रॅक्टमधली सुट्ट्यांची कलमं वाचा. घरच्यांसोबत वर्षाला किती पूर्ण दिवस मिळणार हे तिथे कळतं, आणि पुढे पस्तावा होतो तो बहुतेक वेळा याच बाबतीत.

ऑफर ढोबळमानाने दोन प्रकारची असते: कुटुंबासह बेसवर (कंपनी जिथून तुमची उड्डाणं सुरू करते त्या शहरात) राहायचं, किंवा कुटुंब घरीच ठेवून तुम्ही ये-जा करायची. समजा ये-जा करण्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ४२ दिवस काम आणि २१ दिवस सुट्टी आहे. ६३ दिवसांचं एक चक्र, वर्षात साधारण ५.८ चक्रं, म्हणजे कागदावर सुमारे १२२ दिवस. प्रत्येक चक्रातून प्रवासाचे २ दिवस वजा करा. बेस आणि घर यांच्या वेळेत बराच फरक असेल तर आणखी २ दिवस झोप जुळवण्यात जातात, कारण शरीराचं घड्याळ दिवसाला जेमतेम तासभर सरकतं. उरले सुमारे ९९. बेसवर राहून महिन्याला १० सुट्ट्या मिळाल्या तर वर्षाचे १२०, शिवाय छोट्या फेऱ्यांनंतरच्या रात्री घरी. मात्र रात्रभर उड्डाण करून सकाळी उतरलात आणि तोच दिवस रोस्टरवर (ड्यूटीच्या वेळापत्रकावर) सुट्टी म्हणून दाखवला असेल, तर तो मोजू नका. तो दिवस झोपेतच जातो.

दोन प्रश्न लेखी विचारा. सुट्टी कुठून सुरू होते, बेसवर ड्यूटी संपल्यावर की घरच्या विमानतळावर उतरल्यावर? आणि घरी येण्याचं तिकीट कन्फर्म की स्टँडबाय (जागा उरली तरच मिळणारं)? गर्दीच्या हंगामात स्टँडबायवर जागाच मिळत नाही आणि सुट्टीचे एक-दोन दिवस विमानतळावर संपतात. त्यानंतर त्याच बेसवर, त्याच विमानावर, त्याच हुद्द्यावर असलेल्या वैमानिकांकडून मागच्या तीन महिन्यांची प्रत्यक्ष उडालेली रोस्टर मिळवा. छापलेलं रोस्टर आणि प्रत्यक्ष झालेलं काम यांत किती बदल झाले ते पाहा. आयत्या वेळी सुट्टी रद्द होत असेल तर मुलांच्या परीक्षा, लग्नकार्यं काहीच ठरवता येत नाही. युरोपच्या नियमांत २८ दिवसांत १०० आणि कॅलेंडर वर्षात ९०० उड्डाणतासांची मर्यादा आहे, पण मर्यादेच्या आत असणं म्हणजे थकवा नसणं नव्हे.

आता पैसे. पगारातून घरभाडं, शाळेची फी, आरोग्यविमा, दोन्हीकडचा कर आणि निवृत्तीसाठी स्वतः बाजूला टाकायची रक्कम वजा करा. जोडीदाराची नोकरी सुटणार असेल तर ते उत्पन्नही वजा करा. आश्रित व्हिसावर काम करता येतं का, हे आधीच विचारा. अनेक ठिकाणी वेगळा परवाना लागतो. उरलेल्या रकमेची तुलना सध्याच्या पगाराशी करू नका. इथेच राहिलात तर पाच वर्षांनी जो पगार असेल, त्याच्याशी करा. जिथे सीनियॉरिटी (रुजू झाल्याच्या क्रमाने बढती) चालते तिथे सोडलेला क्रमांक परत मिळत नाही. कॅप्टन म्हणून परतलात तरी बऱ्याचदा फर्स्ट ऑफिसरच्या रांगेत शेवटी उभं राहावं लागतं. सध्याची कंपनी बिनपगारी दीर्घ रजा देते का, हे राजीनाम्याआधी विचारा.

टाइप रेटिंगचा (विशिष्ट विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाचा) बॉण्ड, म्हणजे मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याचा करार, नीट वाचा. रक्कम दर महिन्याला कमी होते की शेवटच्या दिवसापर्यंत तेवढीच राहते? मेडिकल (वैद्यकीय पात्रतेचं प्रमाणपत्र) गेलं किंवा कंपनीनेच काढलं तर ती भरावी लागते का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर ते कलम बदलून मागा, नाहीतर सही करू नका.

कुटुंबाला लगेच नेऊ नका. ग्राउंड स्कूल, सिम्युलेटर, लाइन ट्रेनिंग (प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवरचं प्रशिक्षण) यात काही महिने जातात आणि त्या काळात तुमचं डोकं अभ्यासात असतं. अनोळखी शहरात घर, शाळा, बँक, डॉक्टर हे सगळं जोडीदारावर एकट्यावर पडतं. लाइन चेक (या प्रशिक्षणाची शेवटची परीक्षा) पास झाल्यावर, शाळेच्या नव्या वर्षाला जुळवून न्या. मूल शालान्त परीक्षेच्या दोन वर्षांत असेल तर शाळा हलवणं टाळाच.

परतीचा रस्ताही आताच आखायचा असतो. व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की मोजक्या दिवसांत देश सोडावा लागू शकतो. २०२० मध्ये उड्डाणं थांबली तेव्हा अनेक परदेशी वैमानिकांवर हीच वेळ आली. म्हणून भाडेकरारात मुदतीआधी सोडण्याचं कलम घाला, शाळेची फी वर्षभराची एकदम भरू नका आणि सहा महिन्यांचा खर्च मायदेशातल्या खात्यात ठेवा. आईवडील आजारी पडले तर किती दिवसांत निघता येईल आणि ती रजा पगारी असेल का, हेही विचारून ठेवा.

मायदेशाचं लायसन्स आणि मेडिकल चालू ठेवा. परदेशात मिळालेलं व्हॅलिडेशन (मायदेशाच्या लायसन्सवर तिथे उड्डाण करण्याची परवानगी) मुदतीचं असतं, अनेकदा त्याच कंपनीपुरतं. उड्डाणतासांचं प्रमाणपत्र नोकरीत असतानाच सही-शिक्क्यासह घेत राहा. सोडून गेल्यावर ते मिळवायला महिने लागतात, आणि ते नसेल तर नव्या ठिकाणची अर्जप्रक्रिया तिथेच अडकते.