दादाची गाडी घेताय? आधी पॉलिसीत तुमचं नाव आहे का ते बघा

ब्रिटनमध्ये आधीपासून राहणारा भाऊ, मावशी किंवा काका असला, की पहिल्या दोन-तीन महिन्यांत कुणीतरी म्हणतंच, "अरे, बसने कशाला जातोस? माझी गाडी घेऊन जा." सोबत किल्लीही पुढे येते. नको म्हणणं जिवावर येतं, कारण समोरचा मायेने देतोय. तरीही किल्ली घेण्याआधी एक गोष्ट विचारा. "गाडीला इन्शुरन्स आहे ना?" असं नव्हे, कारण तो असतोच. "तुझ्या पॉलिसीत माझं नाव आहे का?" असं विचारा.

आपली सवय भारतातली. तिकडे थर्ड पार्टी विमा गाडीचा असतो. मालकाची परवानगी आणि वैध लायसन्स असलं, की मेव्हणा चालवो नाहीतर शेजारचा बंड्या. इथे पॉलिसीत गाडी लिहिलेली असते तशी ती कोण चालवणार हेही लिहिलेलं असतं. यादीत नाव नसलेल्याने चालवली, तर त्याच्यापुरती ती गाडी बिनविम्याची. गंमत म्हणजे तिकडचा मोटार वाहन कायदा आणि इकडचा रोड ट्रॅफिक ॲक्ट, दोन्ही १९८८ चे. न्यू जर्सीतला चुलतभाऊ फोनवर सांगेल की घरच्यांची गाडी कधीमधी चालवली तर काही होत नाही. त्याच्याकडे ते बहुतेक वेळा खरंही असतं. तो सल्ला तिकडेच राहू द्या.

सापडलात तर जागच्या जागी ३०० पौंड दंड, लायसन्सवर दंडाचे ६ पॉइंट, आणि पोलीस गाडी उचलून नेऊ शकतात. प्रकरण कोर्टात गेलं तर दंडाला वरची मर्यादा नाही आणि गाडी चालवण्यावर बंदीही येऊ शकते. रस्त्यावरचे कॅमेरे नंबरप्लेट वाचून विमा आहे की नाही ते पाहतात. दादाच्या गाडीला पॉलिसी असल्यामुळे कॅमेरा गप्प बसेल, म्हणून काही जण निर्धास्त असतात. पण दिवा बंद आहे म्हणून जरी पोलिसांनी थांबवलं, तरी पुढची चौकशी तुमच्या नावाची होते.

त्यात एकटे तुम्हीच अडकत नाही. विमा नसलेल्या माणसाला गाडी चालवू देणं हाही गुन्हा आहे, म्हणजे दादालाही पॉइंट. अपघातात दुसऱ्याचं नुकसान झालं तर विमा कंपनीला त्याचे पैसे बहुधा द्यावेच लागतात. पण नंतर ती ते तुमच्याकडून किंवा दादाकडून वसूल करू शकते. इथली ड्रायव्हिंग टेस्ट पास होऊन दोन वर्षं झाली नसतील तर ६ पॉइंटांवर लायसन्सच रद्द होतं. मग पुन्हा प्रोव्हिजनल (म्हणजे शिकाऊ लायसन्स), पुन्हा थिअरी, पुन्हा प्रॅक्टिकल.

मंडळाच्या कार्यक्रमात हमखास ऐकू येणारी एक समजूत: "माझी फुल कॉम्प (म्हणजे सर्वसमावेशक पॉलिसी) आहे, मी कुणाचीही गाडी चालवू शकतो." तसं नसतं. काही पॉलिसींमध्ये दुसऱ्याची गाडी चालवण्याची सवलत असते, पण सहसा फक्त पॉलिसीधारकाला, २५ च्या पुढच्यांना आणि तीही थर्ड पार्टीपुरती. म्हणजे समोरच्याचं बंपर भरून मिळेल, दादाच्या गाडीचं नाही. नवराबायकोच्या एकमेकांच्या गाड्या तर यातून अनेकदा वगळलेल्या असतात. सवलत असेल तर इन्शुरन्सच्या सर्टिफिकेटवर तसं लिहिलेलं असतं. ते उघडून वाचा, कुणाच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नका.

मग करायचं काय? एखाद्या शनिवार-रविवारसाठी गाडी हवी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: स्वतःच्या नावाने तात्पुरती पॉलिसी काढा. तासाभरापासून साधारण २८ दिवसांपर्यंतची मिळते, फोनवरून काही मिनिटांत होते. ती वेगळी असल्यामुळे काही झालं तर क्लेम तुमच्या पॉलिसीवर जातो, आणि दादाचा वर्षानुवर्षं साठवलेला नो क्लेम बोनस सहसा शाबूत राहतो. नातं टिकवायला पंचवीस-तीस पौंड गेले तरी मला ते महाग वाटत नाहीत. मात्र भारतीय लायसन्स सगळ्याच कंपन्या घेत नाहीत. फॉर्ममध्ये "फुल यूके" वर टिचकी मारून स्वस्त भाव मिळवू नका. खोटी माहिती दिलेली पॉलिसी ऐन वेळी रद्द होऊ शकते.

घरातलीच गाडी नेहमी लागणार असेल तर दादाच्या पॉलिसीत नेम्ड ड्रायव्हर म्हणून नाव घाला. हप्ता वाढेल, तेवढा फरक आपण द्यावा. तुमच्या हातून ठोकली तर एक्सेस, म्हणजे क्लेममधली आपल्या खिशातून भरायची रक्कम, कोण भरणार, तेही आधीच बोलून घ्या. आपल्याकडे पैशाचं बोलायचा संकोच असतो, आणि मग दिवाळीला लोक एकमेकांशी बोलत नाहीत.

एक लबाडी फार चालते. रोज गाडी चालवणार पुतण्या, पण हप्ता कमी यावा म्हणून मुख्य ड्रायव्हर दाखवतात काकांना. याला इथे फ्रंटिंग म्हणतात आणि कंपन्या ती फसवणूकच धरतात. काका कितीही समजूतदार असले तरी त्यांना यात ओढू नका.

गाडी कशासाठी वापरता हेही पॉलिसीत असतं. निव्वळ घरगुती वापराच्या पॉलिसीवर रोज ऑफिसला जाता येत नाही, त्यासाठी कम्युटिंग जोडावं लागतं. दादाच्या गाडीतून जेवणाची पार्सलं पोचवायची असतील तर त्याचा विमाच वेगळा. विद्यार्थ्यांनी तर हा विचार सोडूनच द्यावा: स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करायला मनाई आहे आणि ॲपवरची डिलिव्हरी त्यातच मोडते.

आता लायसन्स. इथे राहायला आल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. ते इथल्या लायसन्समध्ये बदलून मिळत नाही. प्रोव्हिजनल काढून दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. तेरावा महिना लागला की पॉलिसीत नाव असूनही उपयोग नाही, कारण तुमच्याकडे वैध लायसन्सच नाही. प्रॅक्टिकलची तारीख मिळायला बऱ्याच ठिकाणी महिने जातात, म्हणून सहाव्या महिन्यातच हालचाल करा. प्रोव्हिजनलवर सराव करताना शेजारी २१ वर्षांवरचा आणि तीन वर्षं पूर्ण लायसन्स असलेला माणूस, गाडीवर एल प्लेट, आणि तुमच्या नावाचा लर्नर विमा, तिन्ही हवं.

आईबाबा भेटीला आले तर त्यांनाही भारतीय लायसन्सवर इथे गाडी चालवता येते, पण विमा लागतोच. सत्तरीच्या पुढच्यांना बऱ्याच कंपन्या नाही म्हणतात.

आणि ठोकलीच, तर थांबा. समोरच्याला आपलं नाव-पत्ता, गाडीच्या मालकाचं नाव-पत्ता आणि गाडीचा नंबर द्या. तिथे देता आलं नाही तर लवकरात लवकर, फार तर २४ तासांत पोलिसांना कळवावं लागतं. कुणाला लागलं असेल तर इन्शुरन्सचं सर्टिफिकेटही दाखवावं लागतं. फोटो काढा आणि दादाला त्याच दिवशी सांगा, ओरखडा कितीही छोटा असो. क्लेम करायचा नसला तरी झालेला प्रकार विमा कंपनीला कळवणं बहुतेक पॉलिसींमध्ये बंधनकारक असतं.