ग्वाल्हेरमध्ये राहून स्केलेटनची तयारी: बर्फाआधीचं आणि बर्फावरचं

बर्फाच्या वळणदार मार्गावरून पोटावर झोपून, डोकं पुढे करून, ताशी १२० ते १४० किलोमीटर वेगानं खाली येण्याच्या खेळाला स्केलेटन म्हणतात. स्लेजला ब्रेक नसतो, स्टिअरिंगही नसतं. भारतात असा मार्ग एकही नाही, आणि ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा ४५ पर्यंत चढतो. तरी सुरुवात इथेच करता येते, कारण शर्यतीचे पहिले पाचेक सेकंद ही निव्वळ धाव असते. ब्रिटनची लिझी यार्नोल्ड हेप्टॅथलॉनमधून या खेळात आली आणि २०१४ व २०१८ अशी दोन्ही ऑलिंपिक सुवर्णं तिनं घेतली. कोरियाचा युन सुंग-बिन २०१२ मध्ये पहिल्यांदा स्लेजवर बसला आणि २०१८ मध्ये विजेता झाला. म्हणजे एकोणीस-वीस वर्षांच्या धावपटूला उशीर झालेला नाही.

ग्वाल्हेरात तीन गोष्टी तयार होतात: धाव, मान आणि पैशांची जुळवाजुळव. स्लेज चालवणं मात्र बर्फावरच शिकायचं. शिवा केशवननं हिमालयातल्या रस्त्यांवर चाकांच्या स्लेजवर सराव केला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो ल्यूज या दुसऱ्या स्लेज-खेळाचा खेळाडू, त्यात पाय पुढे असतात. तुमचं डोकं पुढे असणार. किल्ल्याच्या उतारावर असलं काही करू नका.

धाव

पहिले चार आठवडे सरळ उभ्यानं धावा: ३० मीटरच्या सहा-आठ धावा, मध्ये तीन-चार मिनिटं पूर्ण विश्रांती. लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर परवानगी मिळाली तर उत्तमच; नाही तर कुठलीही सपाट, खडे नसलेली पन्नास मीटरची पट्टी चालते. त्यानंतर हळूहळू वाकून धावायला लागा, कारण स्लेज वाकूनच ढकलावी लागते. वाकण्याची घाई बहुतेकांना नडते. कंबरेत वाकलं की मांडीमागचा स्नायू आधीच ताणलेला असतो, त्यावर पूर्ण वेगाचा झटका बसला की तो फाटतो आणि दीड-दोन महिने जातात. म्हणून जिममध्ये स्क्वॉट आणि पॉवर क्लीनइतकंच महत्त्व नॉर्डिक हॅमस्ट्रिंगला (गुडघ्यांवर बसून, घोटे धरून ठेवून, अंग हळूहळू पुढे झुकवण्याचा व्यायाम) द्या: आठवड्यातून दोनदा, पाच-पाचचे तीन सेट.

ढकलायची गाडी वेल्डरकडून करून घ्या. २५ मिमी चौकोनी पाइपची साधारण मीटरभर लांब चौकट, स्केटची चार चाकं, आणि नडगीच्या मध्याशी येईल अशा उंचीवर दोन्ही बाजूंना पकड. एकूण वजन ३० ते ३५ किलो ठेवा. जिमच्या प्लेटा दोरीनं बांधल्या तर तिसऱ्या धावेला सरकतात आणि गाडी तिरकी पळते. चौकटीला जाड बोल्ट वेल्ड करून प्लेटेच्या भोकातून नटानं आवळा. स्केटचं चाक बारीक खड्यावरही अडतं, म्हणून आधी पट्टी झाडून घ्या आणि पुढे थांबायला किमान ३० मीटर मोकळे ठेवा. एका हातानं पकड धरून २५ ते ३० मीटर ढकला. गाडीवर उडी घेण्याचा सराव मैदानात जाड गादीवर, वजन न लावता.

उडीची वेळ हाच इथला खरा कस. लवकर उडी मारली तर धावून मिळणारा वेग हातचा जातो. उशीर केला तर स्लेज पायांपेक्षा वेगानं पळायला लागते आणि धावणारा तिच्यामागे फरफटतो. छाती आपटून पडलं तर बर्फावर स्लेज सुरुवातीच्या सरळ खाचेतून उडते. शेवटच्या पावलाला दोन्ही हात पकडीवर, शरीर खाली आणि पुढे, वर नाही.

बर्फावर वेळ मोजणारा पहिला प्रकाशकिरण सुरुवातीच्या ठोकळ्यापासून १५ मीटरवर असतो आणि पुढच्या ५० मीटरचा वेळ ‘स्टार्ट’ म्हणून धरतात. एका मार्गावरचा स्टार्ट दुसऱ्याशी ताडून पाहू नका, उतार वेगळे असतात.

मान

वळणात शरीरावर ५ जीपर्यंत, म्हणजे वजनाच्या पाचपट, भार येतो. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा किलो धरले तर मानेला तीस किलो पेलावे लागतात. नवख्याची मान दम लागायच्या आधीच हरते, हनुवटी खाली जाते आणि हेल्मेट बर्फाला घासतं. बाकावर पालथं झोपून डोकं कडेबाहेर काढा, हेल्मेट घाला, नजर समोर ठेवून २० सेकंद धरा. सहा वेळा, मध्ये ४० सेकंद थांबून. चारही दिशांना तळहाताचा प्रतिकार देऊन तेच करा. वाढ दर आठवड्याला पाच सेकंदांहून जास्त नको. हाताला मुंग्या आल्या तर व्यायाम बंद, आधी डॉक्टर.

वजन

खेळाडू, स्लेज आणि साहित्य मिळून पुरुषांना १२० आणि महिलांना १०२ किलोची मर्यादा आहे. अंग हलकं असेल तर स्लेजला वजन लावता येतं, पण ते ढकलावं लागतं. अंगावरचा स्नायू मात्र ढकलायला मदत करतो. म्हणून उन्हाळ्यात, पहाटे धाव उरकून, स्नायू वाढवण्यावर भर द्या. ७५ किलोच्या खेळाडूला दिवसाला १२० ते १५० ग्रॅम प्रथिनं लागतात, ती नुसत्या वरण-भातातून येत नाहीत. पनीर, दही, अंडी, सत्तू यांची बेरीज लिहून काढा.

पहिला बर्फ

पहिल्या हंगामात स्वतःची स्लेज विकत घेऊ नका. मार्गावर स्लेज चालवायला शिकवणाऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती भाड्यानं मिळते, आणि तुमच्या अंगाला कोणतं माप बसतं हे तिथेच कळतं. मार्ग सोपा निवडा: ऑस्ट्रियात इन्सब्रुकजवळचा इग्ल्सचा मार्ग तुलनेनं सौम्य मानतात. जर्मनीतलं १७ वळणांचं आल्टेनबर्ग पहिल्या वर्षी नको. सुरुवात वरून होत नाही, खालच्या टप्प्यावरून होते. यात कमीपणा नाही.

खांदा किंवा गुडघा दाबला की चौकट किंचित पिळते आणि स्लेजखालच्या पोलादी धावपट्टीच्या (रनरच्या) मागच्या भागातली धार बर्फात रुतते, त्यानं स्लेज वळते. पायाचं बोट टेकूनही वळते, पण वेग जातो. नवखे घाबरून सतत दाबत राहतात, मग स्लेज भिंतीभिंतीला आपटते. दुसरी खोड म्हणजे बघण्यासाठी डोकं वर काढणं: हवा अडते आणि मान थकते. प्रत्येक फेरीनंतर वळणाचा क्रमांक घालून दोन ओळी लिहा: कुठे शिरलो, कुठे बाहेर आलो.

पहिल्या दिवशी दोनच फेऱ्या. हादऱ्यांमुळे डोकं जड होणं, मळमळणं, उजेड सहन न होणं याला या खेळात ‘स्लेड हेड’ म्हणतात. तो थकवा समजून पुढची फेरी घेऊ नका. प्रशिक्षकाला सांगा आणि त्या दिवशी घसरायचं नाही, मग फी भरलेली असो.

धावपट्ट्या ओल्या पॉलिश पेपरनं, ४०० नंबरपासून बारीक होत १२०० पर्यंत, लांबीच्या दिशेनंच घासा. आडवा ओरखडा बर्फाला पकडतो. गरम करणं नियमबाह्य आहे: मोकळ्या हवेत ठेवलेल्या संदर्भपट्टीच्या तापमानाशी ताडून पाहतात, फरक ४ अंशांहून जास्त चालत नाही.

कागद आणि प्रवास

आंतरराष्ट्रीय शर्यतीत नाव देशाच्या महासंघामार्फतच जातं, त्यामुळे तिकिटाआधी तो पत्रव्यवहार. युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम त्यात मावत नाही, म्हणून मध्ये घरी यायचे आठवडे आधीच ठरवा. साध्या प्रवास विम्यात असे खेळ बहुधा वगळलेले असतात, अटी वाचून घ्या. बहुतेक विमान कंपन्या ३२ किलोहून जड नग घेत नाहीत. स्वतःची स्लेज झाली की वजनाच्या पट्ट्या काढून वेगळ्या बांधा, धावपट्ट्यांना तेल लावून कापडात गुंडाळा. जानेवारीत धुक्यामुळे दिल्लीच्या गाड्या तासन्‌तास रखडतात, तेव्हा विमानाच्या आदल्या दिवशीच निघा. सामानात लहान राइस कुकर आणि मेतकूट असू द्या, मार्गाजवळच्या वसतिगृहांत रात्री आठनंतर खायला काही मिळेलच असं नाही.