बोनसचे पैसे अडकतात ते या चुकांमुळे

‘ऑनलाइन कॅसिनोनं माझे पैसे खाल्ले’ म्हणत येणाऱ्याला मी आधी एकच विचारतो: अटी वाचल्या होत्या? दहातले नऊ जण गप्प बसतात.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते कमाल बेटच्या अटीत. बोनस (कॅसिनोनं वरून दिलेले पैसे) चालू असताना एका स्पिनला, म्हणजे एका डावाला, ठरावीक रकमेच्या वर लावायचं नसतं. बऱ्याच ठिकाणी ही मर्यादा 5 युरो असते. कित्येक साइट मोठी बेट मुकाट्यानं घेतात आणि पैसे काढायला गेलात की अख्खा इतिहास उपसतात. माझं तेच झालं. 100 युरो भरले, 100 बोनस मिळाला, चार रात्री एकेक युरोनं खेळून वेजरिंग, म्हणजे पैसे काढण्याआधी ठरावीक रक्कम बेटांत फिरवायची अट, पूर्ण केलं. खात्यात 1,140 युरो. तिसऱ्या दिवशी मेल आला: जिंकलेली रक्कम रद्द. मधे एकदाच मी ‘बोनस बाय’ दाबून फ्री स्पिन विकत घेतले होते. बेट 1 युरोचीच, पण खरेदी शंभरपट, म्हणजे 100 युरोंची, आणि ती एकच बेट धरली जाईल असं अटींत स्वच्छ लिहिलेलं. चॅटवर दोन तास भांडलो. हाती आले फक्त भरलेले 100. तेव्हापासून मी मर्यादेच्या निम्म्यावरच खेळतो. बोनस बाय आणि जिंकलेलं दुप्पट करायचं बटण, दोन्हींना हात लावत नाही.

दुसरी चूक वेजरिंगच्या हिशोबाची. ‘35 पट’ कशाच्या? फक्त 100 च्या बोनसच्या असतील तर 3,500 फिरवायचे, भरलेल्या रकमेसकट असतील तर 7,000. सरासरी 96 टक्के परतावा देणाऱ्या स्लॉटवर (चक्रं फिरवायच्या खेळावर) 3,500 फिरवताना सरासरी 140 जातात, म्हणजे बोनसपेक्षा जास्त. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळातली बेट या हिशोबात 10 टक्केच मोजली जात असेल तर तेच 35,000 होतात. ब्रिटनमध्ये 19 जानेवारी 2026 पासून 10 पटींच्या वर अट घालता येत नाही. बाकी ठिकाणी आकडा स्वतःच बघावा लागतो. एवढा गुणाकार करायचा ज्याला कंटाळा, त्यानं बोनस घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

केवायसी पहिल्याच दिवशी उरका, जिंकल्यावर नाही. दुसऱ्याच्या कार्डानं पैसे भरू नका. एका घरातून दोन खाती नकोत. व्हीपीएन (आपलं ठिकाण लपवणारं ॲप) बंद. वेजरिंग संपायच्या आत पैसे काढायला गेलात तर बोनस जातो. काढायला टाकलेली रक्कम रद्द करून परत खेळणाऱ्यांना काय सांगावं!

बोनस स्वीकारतानाच अटींच्या पूर्ण पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या. अटी नंतर बदलतात. चॅट जपून ठेवा. आणि खातं उघडण्याआधी परवाना क्रमांक नियामकाच्या यादीत शोधा. वाद झालाच तर आधी कॅसिनोकडे लेखी तक्रार, मग त्यांच्या अटींत नाव दिलेली स्वतंत्र तंटा निवारण संस्था. परवानाच खोटा असेल तर ही दारं मुळात नसतातच.