खिशातला चाकू वापरायचा असेल, तर या चुका टाळा

घडीचा चाकू घेतल्यावर पहिल्या काही महिन्यांत त्याची जी नासधूस होते, ती बहुतेक वेळा वापरामुळे होत नाही, तर तो नव्यासारखाच दिसावा या अट्टहासापायी होते. हे मी पदरमोड करून शिकलो आहे. फ्रान्सच्या आल्प्समध्ये १८९० साली जन्मलेल्या ओपिनेल या चाकूचा आठ नंबर माझ्याकडे आहे: साडेआठ सेंटिमीटरचे कार्बन स्टीलचे पाते आणि बीचच्या लाकडाची मूठ. पुढे सांगितलेल्या चुकांपैकी बहुतेक मी त्याच्यावरच केल्या आहेत.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे काळे पडलेले पाते घासून पांढरे करणे. नव्या चाकूने मी पहिल्यांदा कैरी चिरली, तेव्हा फोडी संपेपर्यंत पात्यावर निळसर-करडे ढग उमटले होते. मी घाबरून आधी तारेची घासणी आणि मग पॉलिश पेपर हाती घेतला. पाते उजळले खरे, पण त्यावर असंख्य बारीक चरे पडले आणि दमट हवेत त्याच चऱ्यांतून तांबूस गंज डोकावू लागला. कैरी, लिंबू, कांदा यांतील आम्लामुळे कार्बन स्टीलवर जो काळपट थर चढतो (चाकूप्रेमी त्याला पॅटिना म्हणतात), तो दाट आणि पृष्ठभागाला चिकटून असतो व खालच्या पोलादाला काही अंशी संरक्षण देतो. तांबडा गंज मात्र भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि आत आत खात जातो. दोहोंतला फरक ओळखायचा असेल, तर तेलाचे बोट लावलेले पांढरे फडके पात्यावरून फिरवावे. त्यावर विटकरी रंग उतरला तर तो गंज समजावा. तेवढ्याच ठिपक्यावर तेलात बुडवलेले अगदी बारीक स्टील वूल हलक्या हाताने फिरवावे आणि बाकीच्या पात्याला हात लावू नये. खरे तर हे आपल्याला नवे नाही. जुन्या लोखंडी विळीचे पाते धारेपुरते चकचकीत आणि बाकी काळेभोर असते. ते काळेपण घालवावे असे घरात कधी कोणाच्या मनात आले नाही.

स्टेनलेसचे पाते असे काळे पडत नाही, म्हणून ते कसेही ठेवले तरी चालते, हा समजही चुकीचा आहे. खारे पाणी आणि मासळीचे मीठ त्यालाही बारीक खड्डे पाडू शकते, त्यामुळे समुद्रकाठी वापरलेला चाकू गोड्या पाण्याने धुऊन लगेच कोरडा करावा.

तेलाच्या बाबतीतही घाई नडते. बिजागरीत शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल सोडले, तर हळूहळू ते चिकट होते आणि खिशातली धूळ व सुताचे तंतू त्यात अडकून पाते जड चालू लागते. शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब तिथे पुरतो. मात्र पात्यावर ओघळलेले तेल फळ कापण्यापूर्वी पुसून घ्यावे.

लाकडी मुठीच्या चाकूबाबत पावसाळ्यात हमखास येणारी तक्रार म्हणजे पाते उघडतच नाही. लाकूड ओल शोषून फुगते आणि खाच पात्याला आवळून धरते. अशा वेळी पक्कड लावून पाते ओढणे ही मोठी चूक आहे, कारण त्यात पात्यावर ओरखडे उठतात आणि ते अचानक सुटले तर हातही कापतो. मुठीच्या गळ्याजवळची, उघडे पाते अडकवून धरणारी फिरती कडी मोकळ्या स्थितीत आणावी आणि मुठीचे मागचे टोक टेबलाच्या कडेवर आपटावे. पाते खाचेतून नखाला धरता येईल इतके वर उचलले जाते. ओपिनेलच्या साव्वा प्रांतात हीच युक्ती रूढ आहे. त्यानंतर चाकू उन्हात किंवा चुलीजवळ न ठेवता सावलीत वाळवावा, नाहीतर लाकूड तडकते. पूर्ण सुकल्यावर जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले, तर पुढच्या पावसाळ्यात त्रास कमी होतो. मूठ हळूहळू गडद होते, तिच्या कडा गुळगुळीत होतात. ते तसेच राहू द्यावे.

धारेच्या बाबतीत माझी फसगत झाली ती फिरत्या चाकावर. एका धारवाल्याने पाण्याचा थेंबही न वापरता ठिणग्या उडवत पाते घासले आणि टोकाजवळ जांभळट-निळा पट्टा उमटला. हा रंग म्हणजे पॅटिना नव्हे. असे पोलाद पाणी दिल्यानंतर (म्हणजे लालभडक तापवून एकदम थंड करून कडक केल्यानंतर) साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा तापवून चिवट केलेले असते, तर निळा रंग ३०० अंशांच्या सुमारास येतो. म्हणजे तिथले पोलाद मऊ झाले आणि आता धार टिकणार नाही. हे नुकसान भरून येत नाही, तेवढा भाग झिजून जाण्याची वाट पाहावी लागते. घरी १००० ग्रिटच्या (म्हणजे बारीक कणांच्या) ओल्या दगडावर, दोन्ही बाजूंनी १५ ते २० अंशांचा कोन सांभाळून धार लावलेली बरी. पाते वर्षांगणिक थोडे अरुंद होईल, पण धार लावणे म्हणजेच पोलाद झिजवणे, त्याला इलाज नाही.

पात्याच्या टोकाने रंगाचे डबे उघडू नयेत, टोक तुटते. त्यासाठी स्विस आर्मी चाकूत वेगळी अवजारे दिलेली असतात, आणि त्याच्या लाल मुठीवर किल्ल्यांच्या सहवासाने पडलेले ओरखडे हा काही दोष नाही.

दुर्लक्ष करू नये अशी झीज एकच, ती कुलपाची. ओपिनेलची फिरती कडी १९५५ पासून उघडे पाते जागेवर धरून ठेवते. ती सैल होऊन आपोआप फिरू लागली, तर चाकू वापरणे त्याच दिवशी थांबवावे. सर्क्लिप पक्कडीने (कड्या फाकवायच्या टोकदार पक्कडीने) कडी काढून तिची फट किंचित आवळून परत बसवावी, मग बोटे धारेच्या वाटेत न ठेवता पात्याच्या पाठीवर हलका दाब देऊन पाहावे. तरीही पाते मिटू लागले, तर नवी कडी घ्यावी.