रंगीत फिंचच्या जोड्या दसऱ्याला नकोत, दिवाळी सरल्यावर लावा

चवथ होऊन गेली. पाऊस अधूनमधून येऊन जातो, दुपारचं ऊन मात्र भाजायला लागलंय. अशा दिवसांत झेब्रा फिंच या दाणे टिपणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याचा नर काथ्याची काडी चोचीत धरून पिंजराभर मिरवतो, आणि बघणाऱ्यालाच घाई होते. दसऱ्याचा मुहूर्त साधून घरट्याची पेटी टांगली जाते. इथेच गणित चुकतं.

दसऱ्यापासून नरकचतुर्दशी एकोणीस-वीस दिवसांवर. जोडी एकत्र सोडल्यावर पहिलं अंडं यायला साधारण आठवडा लागतो. मग रोज एक, अशी चार ते सहा अंडी. तिसऱ्या-चौथ्या अंड्यापासून उबवणी जोर धरते आणि पुढे 12 ते 14 दिवस चालते. म्हणजे नरकासुराच्या रात्री, जेव्हा वाड्यावाड्यावर स्पीकर आणि फटाके पहाटेपर्यंत थांबत नाहीत, तेव्हा मादी नेमकी भरत आलेल्या अंड्यांवर बसलेली असते. दचकून बाहेर पडली की काळोखात तिला पेटीचं तोंड सापडत नाही आणि सकाळपर्यंत अंडी गार होतात. एका वर्षी माझी अशी चार घरटी गेली. तेव्हापासून पाडव्याच्या आधी पेटी लावत नाही. त्या एका रात्री झिरोचा बल्ब चालू ठेवा, म्हणजे उडालेला पक्षी निदान दांडीवर परत येतो.

दिवाळीपर्यंतचे दिवस दाण्यासाठी वापरा. राळा (दुकानात कांगणी म्हणून मिळतो), वरी आणि थोडी नाचणी हा रोजचा आहार. पण पावसाळाभर पोत्यात राहिलेला राळा आधी हुंगून बघा. कुबट वास आला तर उन्हात घालून उपयोग नाही. ऊन बुरशी सुकवेल, तिने दाण्यात सोडलेलं विष तसंच राहील आणि ते पक्ष्याच्या यकृतावर जाईल. वास नसला तरी शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधा. तीन-चार दिवसांत ऐंशी दाण्यांना तरी मोड आले नाहीत तर तो माल जुना, विणीला नको.

मोडाचा दाणा मात्र विणीच्या काळात हवाच. रात्री भिजत घाला, सकाळी स्वच्छ धुऊन गाळणीत निथळत ठेवा, दिवसातून तीनदा पाणी मारा. दुसऱ्या दिवशी पांढरं टोक दिसलं की द्या. लांब मोड येईपर्यंत थांबू नका. आपल्या दमट हवेत हा दाणा दोन-तीन तासांत आंबतो, म्हणून सकाळी द्यायचा आणि उरलेला दुपारच्या आत काढायचा. उकडलेल्या अंड्यालाही तोच नियम. अंडं कवचासकट कुस्करून त्यात किसलेलं गाजर घाला. पिल्लं असली तर रोज, नसली तर आठवड्यातून दोनदा पुरे. शेतकऱ्यांकडे आणखी एक फुकटचा खाऊ असतो: नाचणीची दुधाळ कणसं, बांधावरच्या गवताचे कोवळे तुरे. औषध मारलेलं शेत असेल तर नको.

नवख्याचा पक्षी बहुधा भरल्या वाटीशी उपाशी मरतो. फिंच दाणा सोलून टरफल तिथेच टाकतो, वाटी भरलेली दिसते आणि आत असतो नुसता कोंडा. रोज सकाळी वाटीवर फुंकर मारा.

कॅल्शियमसाठी दुकानातले ठोकळे घ्यायची गरज नाही. किनाऱ्यावर माणकीचं पांढरं हाड, म्हणजे समुद्रफेन, वाहून येतं. दोन दिवस पाणी बदलत भिजवा, उकळा, कडक वाळवा आणि तारेने पिंजऱ्याला अडकवा. सोबत सकाळचं कोवळं ऊन मिळू द्या, नाहीतर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मादी पिसं फुलवून तळाशी बसली आणि शेपूट खालीवर हलवत असेल तर अंडं अडकलंय. उबेत ठेवून लगेच पशुवैद्याला दाखवा.

पिंजरा तीन बाजूंनी बंद, समोरून जाळीचा, दोन फूट लांब घ्या. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. जाळी अर्ध्या इंचाची हवी, नाहीतर उंदरामागे धामण येते. बलकावात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, टांगायचा असेल तर पावसाची झड येणारी बाजू सोडा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, लाल मुंग्या एका रात्रीत पिल्लं संपवतात. घरट्यासाठी नारळाच्या सोडणाचा काथ्या बोटभर लांबीचा कापून द्या. लांब धागा पिल्लाच्या पायाला आवळतो.

रंग हवे असतील तर एका पिंजऱ्यात एकच जोडी ठेवा. थव्यात बाप कोण ते कळत नाही. झेब्रात फॉन (फिकट तपकिरी) नर आणि करडी मादी लावली तर सगळ्या माद्या फॉन होतात, सगळे नर करडे दिसतात पण फॉनला स्प्लिट असतात, म्हणजे तो रंग त्यांच्यात लपून असतो. फॉनचा गुण लिंगाशी बांधलेला असल्यामुळे मादी त्याला स्प्लिट असूच शकत नाही. 'स्प्लिट फॉन मादी' म्हणून कोणी जादा पैसे मागितले तर हसून पुढे व्हा. डोक्यावर तुरा असलेल्या नराला तुरेवाली मादी कधीच लावू नका. त्यातली सरासरी पाव अंडी आतच मरतात. एक साधा, एक तुऱ्याचा, एवढंच ठेवा.

गोल्डियन फिंच नाजूक. नऊ-दहा दिवसांची पिल्लं झाली की आईबाप रात्री त्यांच्यावर बसत नाहीत, म्हणून गोव्याच्या सत्तरी-सांग्यातल्या पौषाच्या थंडीत पेटी भिंतीच्या आतल्या बाजूला घ्या. जावा स्पॅरो साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट 2 मध्ये आहे, तेव्हा घेताना कागदपत्रं मागा. भातावर उतरणाऱ्या आपल्या रानातल्या मनोल्या (मुनिया) मात्र धरायच्या नाहीत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते गुन्हाच आहे.

पिल्लं पस्तीस-चाळीस दिवसांची झाली की वेगळी करा, पायात रंगीत कडी घाला आणि आईबापाचा नंबर त्याच दिवशी वहीत लिहा. दोन विणी, फार तर तीन. शिगम्याचे ढोल वाजायच्या आत पेट्या उतरवून नर-माद्या वेगळ्या करायच्या.