दुसरं लग्न केलं की निराधार अनुदानाचं काय?

संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिन्याला १५०० रुपये मिळतात ते ती एकटी आहे म्हणून. पुनर्विवाह झाला की हा आधारच जातो. तेव्हा लग्नाच्या नोंदणीचा दाखला आणि आधारची प्रत जोडून तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत साधा अर्ज द्या, 'अनुदान बंद करावे' म्हणून. पोचेवर शिक्का घ्यायला विसरू नका. गप्प बसलात तर वार्षिक पडताळणीत तलाठ्याला कळतंच (वाडीत काय लपतं?), आणि घेतलेले पैसे परत भरायची वेळ येऊ शकते.

लाडकी बहीण योजनेत लग्नाने हक्क जात नाही, हिशोब बदलतो. मर्यादा कुटुंबाच्या वर्षाच्या अडीच लाख उत्पन्नाची आहे आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं. इथेच कोकणात घोळ होतो. नवरा मुंबईला चाकरमानी, बायको गुहागरला. चूल वेगळी म्हणून त्याचा पगार कोणी धरत नाही, पण तो धरावाच लागतो. तो आयकर भरत असेल तर विषय संपला. त्याच्या नावावर आंब्याची चारचाकी पिकअप असली तरी तेच, सूट फक्त ट्रॅक्टरला आहे.

लग्नानंतर रेशनकार्डातलं नाव माहेरून कमी करून सासरी चढवा. आधी आधारवरचं नाव, मग बँकेतलं. क्रम उलटा झाला की नावं जुळत नाहीत आणि हप्ता अडकतो.