झाडावरील खवले कीड कशी आटोक्यात आणावी
पानाच्या मागील शिरेलगत किंवा फांदीच्या बेचक्यात तपकिरी, चपटे ठिपके दिसले आणि पाने हाताला चिकट लागली, तर नखाने एक ठिपका खरवडून पाहावा. तो टवका उडावा तसा सुटला, तर ती खवले कीड समजावी. प्रौढ मादी मेणचट कवचाखाली एकाच जागी रस शोषत राहते, त्यामुळे वरवरच्या फवारणीचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून आधी साबणाच्या सौम्य पाण्यात बुडवलेल्या जुन्या, मऊ दातब्रशने खवले हलकेच घासून काढावेत आणि फार किडलेली फांदी छाटून टाकावी. हे काम कंटाळवाणे खरे, पण माझ्या मते निम्मे यश त्यातच आहे. त्यानंतर १ लिटर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल व द्रव साबणाचे काही थेंब मिसळून, प्रथम एका पानावर चाचणी घेऊन, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूसही फवारावे. अंड्यांतून नवी पिल्ले बाहेर पडत असल्याने ७ ते १० दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा फवारणी करणे अत्यावश्यक आहे. खोडावर मुंग्यांची रांग असल्यास तीही रोखावी, कारण चिकट स्रावासाठी मुंग्या या किडीचे शत्रूंपासून रक्षण करतात. कुंडी मात्र पहिल्याच दिवशी इतर झाडांपासून दूर ठेवावी.